डावा दिवा

पहिल्यांदा शर्विलनं सांगितलं,
मागच्या सीटवरून, डबा मांडीवर धरून :
"काकू, तुमची गाडी दुकानांना डोळा मारते."
सकाळचे सहा वीस, धायरी फाट्याची दुकानं बंद,
त्यांच्या काचांत खरंच एक उजेड चालत होता
आणि एक नव्हता.
राजाराम पुलाजवळच्या हवालदारानं मग तेच
जरा कमी कवितेत सांगितलं.

"बंपर उतरवावा लागेल," गॅरेजवाला म्हणाला,
बंपरकडे न बघता. "आठशे."
आठशे म्हणजे अन्वीची अर्ध्या महिन्याची फी,
तीही तिचे बाबा वीस तारखेला देतात.
मी बॉनेट उघडलं, नुसता हात घालून पाहिला
बॅटरी आणि पत्र्याच्या मधल्या फटीत.
बांगड्यांपर्यंत गेला.
बांगड्या काढल्या, कोपरापर्यंत गेला.
लग्नात साबण लावून चुडा भरताना
कासार हसला होता : हात फार बारीक, पोरी,
कामाला कसा पुरणार?
ये म्हणावं आता, बघ.

नाना पेठेत बल्ब एकशे सत्तरला.
"जोडीनं बदला, ताई. एक बदलला की दुसरा रुसतो."
पर्समध्ये एकाचेच होते, रुसू दे.
"आणि काचेला बोट लावायचं नाही.
बोटाचं तेल लागलं की तिथंच तापतो, तिथंच फुटतो."
घरी येईपर्यंत मी बोटंच बघत होते.
यांना तेल कधी नसतं?
फोडणीचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं,
रडणाऱ्या पोराच्या डोक्यावरून फिरवलेलं,
आणि एवढी वर्षं
कुठं काही तडकलं नाही.
किंवा तडकलं असेल, मला कुणी सांगितलं नसेल.

पार्किंगमध्ये तळमजल्यावरचे खळदकर
टॉर्च धरायला आले.
मोतीबिंदूचा हिरवा चष्मा, रात्री साडेआठला.
टॉर्च स्वतःच्या चपलांवर धरून म्हणाले,
"दिसतंय ना?"
दिसत नव्हतं, पण तिथं दिसण्याचा उपयोगही नव्हता,
आत बोटांनीच बघायचं असतं.
तीन पायांचा प्लग, हट्टी, हलवत हलवत काढला.
रबराची टोपी सोलली.
तारेची क्लिप सापडली, आईच्या अंबाड्यातल्या आकड्यासारखी :
दाबायची, जराशी सरकवायची, मग सोडते.
जुना बल्ब हातात आला तेव्हा काच आतून काळी,
जसा चिमणीचा कंदील.

नवा घेतला इस्त्रीच्या रुमालात.
त्याला तीन कान, तिकडे तीन खाचा,
बसला तर एकाच बाजूनं बसतो, नाही तर बसतच नाही.
"आमच्या धाकट्या जावयासारखा," खळदकर म्हणाले
आणि टॉर्च विझली. त्यांच्या मोबाइलची बॅटरी.
अंधारात तो बसला. टक्.
मनगटावर पत्र्याची एक रेघ उमटली,
ती मला दुसऱ्या दिवशी भांडी घासताना कळली.

किल्ली फिरवली.
कंपाउंडच्या भिंतीवर दोन गोल :
डावा पांढरा, धुतल्यासारखा,
उजवा पिवळा, चौदा वर्षांचा.
मी तोंडातल्या तोंडात शिवी दिली.
खळदकर मात्र हलेनात.
एक डोळा हातानं झाकला, मग दुसरा,
मग परत पहिला.
"महिनाभर मला असंच दिसतंय हो," म्हणाले.
"ऑपरेशनच्या डोळ्यानं ट्यूबलाइट, दुसऱ्यानं समई.
डॉक्टरांना सांगतो तर ते म्हणतात होतं असं.
मुलगा म्हणतो भास."
आम्ही दोघं उभे राहिलो भिंतीकडे बघत.
इंजिन चालू होतं, पेट्रोल जळत होतं,
तरी मी बंद केलं नाही.

सकाळी कालव्याच्या बाजूला धुकं.
मुलांना दिव्यांचं काही नव्हतं,
दिवे लागतात, त्यात काय सांगायचं.
फक्त शर्विलला डॅशबोर्डवर तो मेलेला बल्ब सापडला.
कानाशी धरून हलवत बसला शाळेपर्यंत.
"काकू, ह्याच्यात काहीतरी वाजतंय."
वाजू दे, म्हटलं.
काचेला हवं तेवढं बोट लाव.